जुन्या खरेदीखतात 'फक्त गोऱ्यांसाठी' अशी अट निघाली. घर घ्यावं का?

सातारी_कंदी

नमस्कार मंडळी. मिनियापोलिसमध्ये नोकोमिस तळ्याजवळ घर घेतोय. १९४१ चं बांधकाम, दीड मजली, मागे गॅरेज. ऑफर मान्य झाली आहे, इन्स्पेक्शन व्हायचंय, क्लोजिंग, म्हणजे शेवटच्या सह्या, पुढच्या महिन्यात.

टायटल कंपनीच्या रिपोर्टात 'जुन्या दस्तातील अटी व शर्ती लागू' अशी एक ओळ होती. मी सोडून दिली असती, पण आमचे वडील निवृत्त तलाठी. त्यांनी व्हिडिओ कॉलवर फर्मान काढलं, "मूळ दस्त मागव. वाचल्याशिवाय सही करायची नाही." मागवला. मायक्रोफिल्मवरून काढलेली काळपट प्रत. घर रस्त्यापासून अमुक फूट मागे बांधावं, अमुक डॉलरपेक्षा स्वस्त बांधू नये, कोंबड्या-डुकरं पाळू नयेत, दारू विकू नये. आणि त्याच दमात पुढची अट: ही जागा कॉकेशियन वंशाखेरीज कुणालाही विकू नये, भाड्याने देऊ नये, तिथे राहू देऊ नये. अपवाद फक्त मालकाकडे कामाला असून तिथेच राहणाऱ्या नोकराचा.

ही अट अजून चालते का? उद्या एखादा शेजारी त्रास देऊ शकतो का? चालत नसेल तर कागदावर अजून कशी? आमच्या एका काकांचं म्हणणं, आपण आर्य म्हणजे कॉकेशियनच, तेव्हा आपल्याला ती लागूच होत नाही. (फोन ठेवताना खुशीत होते.) बायकोचं म्हणणं वेगळं. "ज्या कागदाने मला या घरात फक्त मोलकरीण म्हणून राहायची परवानगी दिलीय, त्या घरावर मी सही करणार नाही."

जाणकारांनी सांगावं.

बेएरिया_बाळू

अहो, रद्द झालेली अट आहे, कशाला डोक्याला ताप? जुनी मढी उकरून काय मिळणार? आम्ही दोन बॅगा घेऊन आलो, पहिलं घर घेतलं, दुसरं घेतलं, कुणी अडवलं नाही. या देशात क्रेडिट स्कोअर बघतात, कातडी नाही. व्याजदर लॉक केलात का ते सांगा आधी.

कागदवाली

सातारी_कंदी, वडिलांना माझा नमस्कार सांगा. मूळ दस्त मागवणारी गिऱ्हाइकं माझ्या सबंध नोकरीत क्वचितच भेटली. मी इथल्याच एका टायटल कंपनीत होते, काम हेच, जुने दस्त वाचायचे. आपल्याकडे वकील सर्च रिपोर्ट काढतात ना, तसं.

घर बिनधास्त घ्या. अट कायद्याने मेलेली आहे, शेजारी काही करू शकत नाही. कंपनीने ती आपणहून का दाखवली नाही, तर रिपोर्टात बारीक अक्षरात एक ठरलेलं वाक्य असतं: वंश, रंग, धर्म वगैरेंवर आधारलेल्या अटी वगळून बाकीच्या लागू. म्हणजे आम्ही ती वाचायची आणि गाळून पुढे पाठवायची. म्हणून कितीतरी लोक अशा घरांत जन्म काढतात आणि त्यांना पत्ताच नसतो. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दचकले होते. मग सवय झाली. कोंबड्यांची अट संपली की आता ती येणार, हे बोटांनाच कळायचं.

इथल्या हेनेपिन कौंटीत सापडलेली सर्वांत जुनी अशी अट १९१० ची आहे. तिच्यात चिनी, जपानी, मूर (उत्तर आफ्रिकेतले मुसलमान), तुर्क, निग्रो, मंगोल आणि आफ्रिकी रक्ताच्या कुणालाही जागा विकू नये, गहाण देऊ नये, भाड्याने देऊ नये अशी यादीच आहे. १९१० च्या मिनियापोलिसात मूर कितीसे असतील हो? यादी करणाऱ्याने माणसं पाहून यादी केलेली नव्हती. पुढे हा खटाटोप मागे पडला आणि तुमच्या दस्तात आहे तसा 'कॉकेशियन सोडून कुणीही नाही' हा आटोपशीर मसुदा चालू झाला. त्यात कुणी राहून जायची धास्ती नाही.

आता काकांचं आर्यपण. त्या काळी आशियातून आलेल्याला इथला नागरिक व्हायचं तर तो 'गोरा' ठरावा लागे. १९२२ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना नागरिकत्व नाकारलं. म्हणे गोरा म्हणजे कॉकेशियन, आणि तुम्ही कॉकेशियन नाही. तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंड उभे राहिले. अमृतसर जिल्ह्यातले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांनी तोच निकाल पुढे केला: तुमचे शास्त्रज्ञच आम्हाला कॉकेशियन म्हणतात, तर मग मी गोरा. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलंड दोन्ही वेळा तेच. या वेळी ते म्हणाले की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. खुद्द सदरलंड इंग्लंडात जन्मून इथे आलेले, हे जाता जाता.

त्यानंतर ज्या भारतीय लोकांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णो दास बगाई त्यातलेच. नागरिकत्व गेलं, त्याबरोबर कॅलिफोर्नियात जमीनजुमला ठेवायचा हक्क गेला, १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्याआधी त्यांनी बर्कलीत घर घेतलं होतं. बिऱ्हाड घेऊन दाराशी पोचले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलपं ठोकून ठेवलेली. बायकोमुलांना घेऊन तसेच मागे फिरले. आज बर्कलीत एका रस्त्याला त्यांच्या पत्नीचं, कला बगाईंचं नाव आहे. बाळू, तुमच्या बे एरियातच आहे. कधी गेलात तर पाटी बघा.

अट चालायची कशी, तेही सांगते. ती जमिनीला चिकटलेली असायची, मालकाला नाही. घर चार वेळा विकलं तरी ती सोबत जायची, आणि मोडली तर आळीतला कुणीही कोर्टात जाऊन नव्या मालकाला बाहेर काढायचा हुकूम आणू शकायचा. १९१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने लुइव्हिल शहराचा वस्त्या वेगळ्या ठेवणारा कायदा उडवला. शहराला जमत नाही म्हटल्यावर देशभर हे खासगी करार जोरात सुटले. सरकारने केलं तर घटनाबाह्य, शेजाऱ्यांनी सह्या करून केलं तर खासगी मामला!

आणि जिथे दस्तात अट नसेल तिथे? तुमच्या घरापासून गाडीने पाच-दहा मिनिटांवर ४६ व्या रस्त्याच्या आणि कोलंबस ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर एक लहानसं पांढरं घर आहे. १९३१ मध्ये ते आर्थर आणि एडिथ ली या कृष्णवर्णीय जोडप्याने घेतलं. आर्थर पोस्टात नोकरीला, महायुद्धात फ्रान्सला जाऊन आलेले. आजूबाजूच्या मालकांनी १९२७ मध्येच आपसात सह्या करून ठरवलं होतं की गोऱ्याशिवाय कुणाला विकायचं नाही. आधी जास्त पैसे देऊन घर परत घ्यायचा प्रयत्न झाला. मग जुलैच्या उकाड्यात रोज रात्री जमाव. शंभर-दोनशे नव्हे, हजारोंनी. कचरा फेकला, रंग फेकला. घरावर पहारा द्यायला पोलीस होतेच, शिवाय पोस्टातले सहकारी आणि युद्धावरचे सोबती. आर्थर लींनी वर्तमानपत्राला सांगितलं, मी या देशासाठी फ्रान्सच्या चिखलात लढत होतो तेव्हा मला कुणी निघून जा म्हटलं नाही.

त्यांची बाजू घेतली लीना ऑलिव्ह स्मिथ यांनी. मिनेसोटातल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री वकील, १९२१ ची सनद. त्याआधी त्या घरांच्या खरेदीविक्रीच्या धंद्यात होत्या, म्हणजे कुठल्या आळीत काय चालतं ते त्यांना आतून ठाऊक. त्यांनी जाहीर करून टाकलं की ली कुटुंब हलणार नाही. जमाव पांगला. ली काही काळ राहिले आणि मग तिथून गेले. लेकीला शाळेत पोलीस बंदोबस्तात सोडावं लागत असेल तर माणूस किती दिवस राहील? त्या घराची आता राष्ट्रीय वारसा यादीत नोंद आहे. तिथून सरळ उत्तरेला मैलभरावर अडतिसावा रस्ता आणि शिकागो ॲव्हेन्यूचा चौक लागतो, २०२० च्या मे महिन्यात पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड गेले तो. त्या वेळी बातम्यांत जो तो विचारत होता, मिनियापोलिससारख्या शहरात असं कसं? ज्यांनी इथले दस्त वाचलेत त्यांना हा प्रश्न पडला नाही.

१९४८ मध्ये शेली खटल्याचा निकाल आला. शेली या काळ्या कुटुंबाने अशीच अट असलेलं घर घेतलं आणि शेजारी कोर्टात गेले. सेंट लुइसमधलं घर, पत्ता ४६०० लबाडी ॲव्हेन्यू. (लींचा पत्ता ४६०० कोलंबस. योगायोग, पण माझ्या डोक्यात हे दोन्ही आकडे कायम शेजारी असतात. आणि हो, रस्त्याचं नाव खरंच लबाडी आहे.) कोर्ट म्हणालं, लोकांनी आपसात काय करार करायचा तो करावा, पण तो बजावायला कोर्टाने शेरीफ पाठवला तर ती सरकारची कृती झाली, आणि सरकारला असा भेदभाव करता येत नाही. म्हणजे अटीचे दात काढले, अट ठेवली. मिनेसोटाने नव्या अटी घालण्यावर १९५३ मध्ये बंदी आणली. एजंट मात्र त्यानंतरही काळ्या गिऱ्हाइकाला या बाजूची घरं दाखवतच नसत. अखेर ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली, शहरं पेटली, आणि ११ एप्रिलला घरांबाबतच्या समान हक्काच्या कायद्यावर सही झाली. हे बिल सिनेटमध्ये लावून धरणाऱ्या दोघांपैकी एक आपल्या मिनेसोटाचे वॉल्टर मॉन्डेल, दुसरे मॅसॅच्युसेट्सचे कृष्णवर्णीय सिनेटर एडवर्ड ब्रूक.

बाळू, क्रेडिट स्कोअरबद्दल. १९३४ पासून फेडरल सरकार गृहकर्जांना हमी देऊ लागलं. त्या खात्याच्या कर्ज तपासण्याच्या पुस्तिकेत अशा वंशाच्या अटी असाव्यात अशी शिफारसच होती. अट असली तर जोखीम कमी, कर्ज सोपं, हप्ता लहान. काळ्या वस्त्यांना नकाशावर लाल रंग, तिथे हमी नाही. युद्धानंतर सैनिकांना घरासाठी सवलतीचं कर्ज मिळालं, तेही असंच वाटलं गेलं. नोकोमिसला १९४१ मध्ये ज्याला घर मिळालं त्याच्या पोरांचं कॉलेज त्या घराच्या किमतीवर झालं, नातवंडांच्या पहिल्या घराचं डाउन पेमेंट त्यातूनच निघालं. ज्याला नाही मिळालं तो सेंट पॉलच्या रोंडो वस्तीत राहिला, आणि ती वस्ती पुढे आय-९४ महामार्गाने मधोमध चिरली. आजही मिनेसोटात गोऱ्या कुटुंबांपैकी चारात तीन स्वतःच्या घरात राहतात, काळ्या कुटुंबांपैकी जेमतेम तीनात एक. स्कोअर कातडी बघत नसेल. पण तो ज्या पैशावर उभा आहे, तो कातडी बघून वाटला होता.

तुम्हाला-मला कुणी अडवलं नाही कारण आपण १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलो, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यात झाला. दार कुणी ढकललं ते तरी विसरू नये. असो, फार लांबलं.

शिकागोचे_आप्पा

कागदवालीताई, लांबलं नाही, अजून लिहा.

बाळू, तुला कुणी अडवलं नाही. मला अडवलं होतं. १९६९ ची गोष्ट, मी इथे विद्यार्थी. फोन केला, जागा आहे, या म्हणाले. टाय लावून गेलो. दार उघडणाऱ्या बाईंनी मला बघितलं आणि म्हणाल्या, आत्ताच गेली हो. तासाभराने माझा गोरा वर्गमित्र गेला तर त्याला सगळ्या खोल्या दाखवल्या, कॉफीही पाजली! पुढे समजलं की भेदभाव पकडायची ही रीतसर पद्धत आहे. सारख्या पगाराची, सारख्या कपड्यांची दोन माणसं पाठवायची, एक काळा, एक गोरा, आणि कुणाला काय सांगितलं ते लिहून काढायचं. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने असल्या तपासनिसांनाही दावा लावता येतो असं मान्य केलं. आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. कायदा होऊन वर्ष झालेलं, पण घर दोन मजली आणि मालकीण वरच्या मजल्यावर राहणारी. मालक स्वतः राहतो अशा चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घरांना त्या कायद्यात सूट. लोक त्याला 'मिसेस मर्फी'ची सूट म्हणतात. बाई वागायला सभ्य होत्या हो, तेच जास्त लागलं.

त्याआधी १९६६ च्या ऑगस्टमध्ये किंग इथल्या मार्केट (Marquette) पार्कमध्ये मोर्चा घेऊन गेले होते, मागणी हीच, घरं सगळ्यांना खुली करा. डोक्यात दगड बसून खाली गेले, उठले, पुढे चालले. नंतर म्हणाले की शिकागोइतका द्वेष दक्षिणेतल्या जमावांतही पाहिला नाही. मी आलो तेव्हा हे लोकांच्या तोंडात ताजं होतं.

आणि ज्यांना बँक कर्ज देत नव्हती ती काळी कुटुंबं इथल्या लॉनडेल वस्तीत घर घ्यायची ती 'काँट्रॅक्ट'वर. सट्टेबाज गोऱ्याकडून स्वस्तात घर घेणार, काळ्याला दुपटीने विकणार, हप्ता महिन्याला. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्या नावावर. एक हप्ता चुकला की घरही गेलं, भरलेले पैसेही गेले, आणि तेच घर पुढच्याला. दुरुस्ती, कर सगळं राहणाऱ्याने करायचं! आपल्याकडच्या सावकाराने शेत लिहून घ्यावं तसं. १९६८ मध्ये या लोकांनी संघटना काढली, शेकडो घरांनी मिळून हप्ते थांबवले, सामान रस्त्यावर फेकलं की शेजारी ते उचलून परत आत नेऊन ठेवायचे. कितीतरी जणांचे करार त्यामुळे नव्याने लिहून मिळाले.

वऱ्हाडी_सिॲटल

सगळं वाचतोय. बाळूदादा, एक विचारतो. आपल्यातलेच लोक इथे रूममेट शोधताना आडनाव विचारतात, आडनावावरून उमगलं नाही तर गाव विचारतात, मग "कोणत्या आळीत?" हे कोणत्या क्रेडिट स्कोअरमध्ये बसते? २०२३ मध्ये सिॲटलने जातीवरून भेदभावाला बंदी घातली तेव्हा आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किती आग लागली होती, आठवते ना? त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचं बिल विधिमंडळात पास होऊन गव्हर्नरच्या सहीवर अडलं. दस्तात लिहिलेलं निदान कोणी मावशी शोधून वाचू तरी शकते. आमचं तर कागदावर नसतेच कुठे.

बेएरिया_बाळू

विषय कुठून कुठे नेताय. मी फक्त प्रॅक्टिकल सल्ला दिला. बगाईंचं माहीत नव्हतं, पाटी बघेन.

सातारी_कंदी

सर्वांचे आभार. वडिलांना सगळं वाचून दाखवलं. कोर्टाच्या निकालावर त्यांचा शेरा: "फेरफार मंजूर, पण जुनी नोंद कायम." बायको लींचं घर बघायला गेली होती, आता सहीला तयार आहे, पण अट रद्द करूनच घ्यायची म्हणते. ते करता येतं का? की ती ओळ खोडून टाकतात?

कागदवाली

करता येतं. २०१९ पासून मिनेसोटाच्या कायद्यात सोय आहे. फॉर्म एक पानी, नोटरी करून कौंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयात द्यायचा. पण अर्ज मालकानेच करायचा असतो, तेव्हा क्लोजिंग होऊ द्या. 'जस्ट डीड्स' नावाची गोल्डन व्हॅलीत सुरू झालेली मोहीम आहे, मिनियापोलिस शहरही तिच्यात आहे, वकिलाचं काम फुकट होतं. आधी मिनेसोटा विद्यापीठाच्या 'मॅपिंग प्रेज्युडिस'च्या नकाशावर आपला पत्ता शोधा. २०१६ पासून स्वयंसेवकांनी एकेक दस्त वाचून तो बनवलाय, एकट्या मिनियापोलिसात ८,००० हून जास्त अटी सापडल्या. मीही वाचलेत. नोकरीत गाळायची, तिथे टिपून घ्यायची. बरं वाटायचं.

खोडत मात्र नाहीत, वडिलांचा शेरा बरोबर आहे. जुना दस्त जसाच्या तसा राहतो, त्याच्यापुढे तुमचा नवा दस्त नोंदतात की ही अट आम्हाला अमान्य आहे. काही राज्यांत ती मूळ प्रतीतून काढून टाकायचीच मागणी होते. मला ते पटत नाही. उद्या कुणी म्हणेल, इथे असं काही नव्हतंच, दाखवा कागद!

आप्पा, तुमच्या मिसेस मर्फीबद्दल. ती सूट १९६८ च्या कायद्यात आहे खरी, पण त्याच वर्षी जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने जोन्स खटल्यात १८६६ चा नागरी हक्क कायदा धुळीतून बाहेर काढला. गुलामगिरी संपल्यावर लगेच केलेला, आणि घर घेण्या-विकण्यात, भाड्याने देण्यात वंशावरून भेद करायला त्यात कुणालाच सूट नाही. म्हणजे १९६९ मध्ये तुमच्या बाईंवर दावा लागला असता. कॉफीचा पुरावा पण होता.

वऱ्हाडी, तुमच्या प्रश्नाला वेगळा धागा हवा. तुम्ही काढा, मी येते. आमच्या इथल्या मंडळातले दोन-तीन किस्से माझ्याकडेही आहेत.

आणि सातारी_कंदी, १९४१ चं घर आहे तर सीवर लाइनमध्ये कॅमेरा घालून बघायला सांगा. त्या भागात मातीचे पाइप आहेत, झाडांची मुळं शिरतात. इन्स्पेक्शनवाला आपणहून करत नाही, वेगळे पैसे द्यावे लागतात.